श्वेतपेशींचा कारभार

चार दिवस ताप उतरला नाही म्हणजे डॉक्टर रक्त तपासावयास सांगतात, आणि सायंकाळी प्रयोगशाळेतून जो कागद हाती येतो त्यावर 'टोटल काउंट' आणि 'डिफरेन्शियल' अशा दोन शीर्षकांखाली काही आकडे मांडलेले असतात. पहिल्या आकड्याचा अर्थ घरातील जाणत्या माणसास साधारण ठाऊक असतो: एका घनमिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी पन्नास लाखांच्या आसपास आणि पांढऱ्या मात्र चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत असतात, व त्या वाढल्या म्हणजे शरीरात कोठे तरी दाह किंवा पू आहे, अशी त्याची समजूत असते आणि ती बव्हंशी बरोबरही असते. दुसऱ्या शीर्षकाखालची न्यूट्रोफिल, लिंफोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल ही पाच नावे मात्र सहसा कोणी वाचीत नाही. वस्तुतः या पाच नावांमागे दीडशे वर्षांचा मोठा वादग्रस्त आणि रसाळ इतिहास उभा आहे. त्याचा आढावा घेऊ लागले असता एक गोष्ट वारंवार समोर येते, ती अशी की, ज्या पेशींना आपण शरीराचे सैन्य म्हणून गौरवितो त्यांचा मारण्याचा गुण शास्त्रज्ञांस सर्वांत आधी दिसला आणि स्वतःस आवरण्याचा गुण सर्वांत शेवटी. परंतु रोग्याच्या दृष्टीने दुसऱ्याचे मोल पहिल्याहून रतिभरही कमी नाही.

पांढऱ्या पेशींची वैद्यकाच्या दप्तरी ठळक नोंद झाली ती त्यांच्या उपकारामुळे नव्हे, अपकारामुळे. १८४५ साली एडिंबरो येथे बेनेट याने आणि बर्लिन येथे तरुण विरशो याने, प्लीहा वाढून मेलेल्या रोग्यांच्या रक्तात या पेशींचा अतोनात भरणा पाहिला. आज आपण ज्यास रक्ताचा कर्करोग म्हणतो त्याचे ते आरंभीचे वर्णन होय. परंतु या पेशी एकाच जातीच्या नाहीत हे निर्विवादपणे दाखविण्याचे श्रेय पॉल एर्लिख याचे. जर्मनीत त्या काळी कृत्रिम रंगांचे कारखाने जोरात चालले होते, आणि कापडासाठी तयार झालेले ते रंग शरीराच्या पेशींवर घालून पाहण्याचा छंद या माणसास विद्यार्थिदशेपासून जडला होता. काचेवर रक्ताचा पातळ थर वाळवून त्यावर निरनिराळे रंग सोडले असता काही पेशींतील कण आम्लधर्मी इओसिन शोषून लालभडक होतात, काहींतील कण अल्कधर्मी रंगाने गडद निळे होतात आणि बहुसंख्य पेशींतील कण यांपैकी कोणत्याच टोकास न जाता मधल्या रंगाने रंगतात, असे त्याने १८७९ च्या सुमारास दाखविले. लीशमन याने १९०१ साली सिद्ध केलेले याच परंपरेतील मिश्रण आजही आपल्याकडील गावोगावच्या प्रयोगशाळांत बाटलीत भरून ठेवलेले असते.

रंगावरून केलेली ही वर्गवारी सोयीची खरी, पण तिच्यावरून कोणाचे काम काय याचा बोध होत नाही. शिवाय रक्त हा या पेशींचा केवळ रस्ता आहे, वस्तीचे ठिकाण नव्हे. शरीरातील एकूण लिंफोसाइटांपैकी रक्तात कोणत्याही क्षणी शेकडा दोनच्या आसपासच सापडतात. बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा आणि आतड्यांची भिंत येथे असतात. बोटाला टोचून काढलेल्या थेंबात दिसतात ते वाटसरू, हे ध्यानात ठेवून तो कागद वाचला तर पुष्कळ गैरसमज टळतात.

कामाचा पहिला उलगडा झाला तो रुग्णालयात नव्हे, समुद्रकाठी. ओडेसा येथील विद्यापीठाची जागा सोडून आलेला रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह १८८२ साली सिसिली बेटावर मेसिना येथे राहत असता, तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काही पेशी स्वैर फिरतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. या पेशी अन्न गिळतात तर बाहेरून आलेला शत्रूही गिळीत असतील, असा तर्क त्याच्या मनात आला, आणि त्याची खातरजमा करण्यासाठी त्याने बागेतील गुलाबाचे काटे त्या डिंभांच्या अंगात टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. पुढे पाण्यातील डॅफ्निया नामक चिमुकल्या जीवाच्या अंगात शिरलेले बुरशीचे बीजाणू याच पेशी गिळून टाकतात असेही त्याने दाखविले, व भक्षकपेशींचा सिद्धांत मांडला. मुंबईशी या माणसाचा एक अप्रत्यक्ष पण खरा संबंध आहे. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला आणि त्याच्याच मागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेलेला वाल्देमार हाफकिन १८९६ च्या प्लेगात मुंबईस येऊन राहिला, आणि तेथे तयार केलेली लस त्याने १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. परळची संस्था आज त्याचेच नाव चालविते. लस टोचल्याने नेमके कोणत्या पेशीत काय घडते हे मात्र गुरू किंवा शिष्य यांपैकी कोणासही तेव्हा सांगता आले नसते.

कारण त्या काळी विद्वानांत दोन तट पडलेले होते. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांचे विष सोसलेल्या जनावरांच्या रक्तजलात ते विष निष्प्रभ करण्याची शक्ती असते असे सिद्ध केले होते. तेव्हा रक्षण करणारे द्रव्य रक्ताच्या पाण्यात आहे, पेशी केवळ मागाहून येऊन घाण उचलतात, असे जर्मन पक्षाचे म्हणणे पडले. उलट पेशीच मुख्य, असा मेच्निकोव्हचा आग्रह. लंडनमध्ये आल्मरोथ राइट याने १९०३ साली दोहोंचा मिलाफ दाखविला: रक्तजलातील द्रव्ये जंतूंवर बसली म्हणजे भक्षकपेशी त्यांस अधिक आवडीने गिळतात. याच राइटला समोर ठेवून शॉने १९०६ सालच्या 'द डॉक्टर्स डिलेमा' या नाटकात, ज्या त्या दुखण्यावर भक्षकपेशींना चेतविण्याचाच उपाय सांगणाऱ्या वैद्यांची यथेच्छ टवाळी केली. ती टवाळी आजच्या जाहिरातींना जशीच्या तशी लागू पडते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकोव्ह आणि जर्मन पक्षाचा एर्लिख या दोघांत विभागून देऊन निवाडा करणाऱ्यांनी एक प्रकारे तडजोडच केली, आणि ती शहाणपणाची ठरली.

मेच्निकोव्हच्या सिद्धांताचा आपल्या रक्तातील मुख्य वारसदार म्हणजे न्यूट्रोफिल. प्रौढ माणसात शंभर पांढऱ्या पेशींपैकी साधारण पन्नास ते सत्तर याच असतात, व त्यांचे केंद्रक दोनपासून पाच खंडांत विभागलेले दिसते. अस्थिमज्जा दररोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते, आणि रक्तात दाखल झाल्यावर त्यांची मुदत बहुधा एका दिवसाचीही नसते. जखमेच्या ठिकाणी रक्तवाहिनीच्या अस्तरावर विशिष्ट रेणू उगवतात; वाहत्या रक्तातील न्यूट्रोफिल त्यांस अडखळत, गडगडत मंदावते, घट्ट चिकटते आणि दोन पेशींच्या सांध्यातून अंग चोरून बाहेर पडते. बाहेर आल्यावर ती जंतूस गिळते, पोटातील कण त्याच्यावर रिते करते, प्राणवायूपासून केलेली जहाल द्रव्ये त्यावर सोडते, आणि वेळप्रसंगी आपलाच केंद्राम्लाचा गुंता बाहेर टाकून त्यात जंतूंना अडकविते. ही शेवटची रीत २००४ साली उघडकीस आली. आपण ज्यास पू म्हणतो तो बव्हंशी या पेशींच्या प्रेतांचा खच असतो.

यांतील एकेका पायरीचे महत्त्व निसर्गाने काही दुर्दैवी बालकांच्या रूपाने दाखविले आहे. एका आनुवंशिक विकारात न्यूट्रोफिलास वाहिनीच्या भिंतीला चिकटताच येत नाही. अशा मुलाची नाळ गळावयास नेहमीहून फार दिवस लागतात, त्याला वरचेवर जंतुसंसर्ग होतो, जखमेत पू धरत नाही, आणि रक्त तपासावे तर पांढऱ्या पेशींची संख्या भरमसाट वाढलेली आढळते. केवळ आकडा पाहणाऱ्यास हे मूल प्रतिकारशक्तीचे भांडार वाटेल! दुसऱ्या एका विकारात पेशी जागेवर पोहोचतात, जंतूही गिळतात, पण त्याला मारणारे द्रव्य त्यांस करता येत नाही. मग गिळलेला शत्रू पोटातच तग धरून राहतो.

मोनोसाइट ही रक्तातील पेशी ऊतीत उतरली म्हणजे महाभक्षी पेशी होते. निदान आजवर पाठ्यपुस्तके असे सांगत आली. पण यकृत, मेंदू आणि फुप्फुसे येथील पुष्कळशा महाभक्षी पेशी रक्तातून आलेल्याच नसतात, गर्भावस्थेतच तेथे येऊन वतनदारासारख्या कायम झालेल्या असतात, असे अलीकडे सिद्ध झाले आहे. त्या मेलेल्या पेशी साफ करतात, जीर्ण तांबड्या पेशींतील लोह परत मिळवितात, जखम भरून काढण्यास साहाय्य करतात. मात्र त्यांच्या उदरात शिरूनच राहणारे काही शत्रू आहेत. क्षयाचा जंतू, काळा आजाराचा परोपजीवी आणि कुष्ठाचा जंतू हे तिघेही भक्षकाच्याच घरी मुक्काम ठोकतात.

यांपैकी कुष्ठरोगाचे उदाहरण मला अत्यंत उद्बोधक वाटते, आणि महाराष्ट्रास त्या रोगाचा परिचय करून देण्याचीही गरज नाही. जंतू एकच, पण रोगाची रूपे दोन टोकांची, आणि त्यांच्यामध्ये अनेक छटा; ही मांडणी रिड्ली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली पद्धतशीर केली. एका टोकाच्या रोग्यात त्वचेतील महाभक्षी पेशी जंतूंनी तुडुंब भरलेल्या असतात. त्याच्या रक्तात जंतूविरुद्ध प्रतिपिंडेही विपुल असतात, परंतु पेशीच्या आत दडलेल्या शत्रूपर्यंत प्रतिपिंडांचा हात पोहोचत नसल्याने ती सारी संपत्ती फुकट जाते. दुसऱ्या टोकाच्या रोग्यात लिंफोसाइटांनी महाभक्षी पेशींना योग्य ते रासायनिक फर्मान पाठविलेले असते, त्या चेतलेल्या असतात आणि जंतू शोधूनही सापडत नाहीत. पण या प्रखर प्रतिकाराच्या आगीत जवळच्या मज्जातंतूंची राख होते, आणि बधिर झालेला हात जंतूंच्या संख्येवरून नव्हे, रक्षकांच्या आवेशावरून वाकडा होतो. अशा वेळी स्टेरॉइड देऊन तो आवेश कमी करावा लागतो.

इओसिनोफिल शंभरांत एक ते सहा. कृमी हे त्यांचे मुख्य लक्ष्य मानतात, कारण कृमी गिळण्याजोगा लहान नसल्यामुळे त्यांचे कण त्याच्या अंगावरच रिते करावे लागतात. दमा आणि ॲलर्जी यांतही त्या वाढतात. भारतातील एका आजाराने तर त्यांस स्वतंत्र प्रसिद्धी मिळवून दिली: रात्री येणारा खोकला, धाप आणि रक्तात घनमिलिमीटरला तीन हजारांहूनही अधिक इओसिनोफिल, अशा रोग्यांचे वर्णन वाइनगार्टन याने १९४३ साली येथील अनुभवावरून केले आणि त्यास उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया हे नाव दिले. हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींविरुद्ध फुप्फुसात पेटलेली ही अतिरेकी प्रतिक्रिया होय, हे पुढे उमगले. बेसोफिल शंभरांत एखादीच, आणि तिच्याविषयी सांगण्याजोगेही तितकेच: ऊतीत राहणाऱ्या मास्ट पेशीप्रमाणे तिच्यातही हिस्टामीन असते, आणि पित्त उठणे म्हणून आपण ज्या गांधींचा उल्लेख करतो त्यांत मुख्य हात या मास्ट पेशींच्या हिस्टामीनचा असतो.

उरली लिंफोसाइट, आणि खरे प्रकरण येथून सुरू होते. ही लहान, गोल, जवळजवळ सारा देह केंद्रकानेच व्यापलेली पेशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निरुद्योगी समजली जात होती. ऑक्सफर्ड येथे गावन्स याने उंदरांच्या छातीतील लसिकावाहिनीतून या पेशी बाहेर काढून व परत रक्तात सोडून असे दाखविले की, त्या मरत नाहीत, रक्तातून लसिकाग्रंथीत, तेथून लसिकेत आणि पुन्हा रक्तात अशी त्यांची अखंड फेरी चालू असते. त्याच सुमारास अमेरिकेत ओहायो येथे ब्रूस ग्लिक कोंबड्यांच्या शेपटीजवळच्या 'बर्सा' नामक पिशवीचा अभ्यास करीत होता. ती काढून टाकलेल्या कोंबड्या एका सहकाऱ्याने वर्गातील प्रात्यक्षिकासाठी नेल्या, आणि त्यांत प्रतिपिंडे तयारच होईनात. १९५६ साली हा शोध कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापावा लागला, व बरीच वर्षे वैद्यकाच्या पंडितांनी त्याची दखल घेतली नाही. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर याने नवजात उंदरांची छातीतील थायमस ग्रंथी काढली, तेव्हा ते उंदीर परक्या त्वचेचे कलमही मुकाट्याने स्वीकारू लागले. थायमस हा तोवर उत्क्रांतीचा निरुपयोगी अवशेष समजला जात होता. अशा रीतीने लिंफोसाइटांचे दोन वर्ग ठरले: थायमसमध्ये तालीम घेतलेल्या टी-पेशी, आणि प्रतिपिंडांच्या निर्मितीशी संबंध असलेल्या बी-पेशी, ज्या माणसात अस्थिमज्जेतच वाढतात.

असंख्य जंतूंसाठी असंख्य प्रतिपिंडे शरीर कसे तयार करते, या प्रश्नाचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या बर्नेटने १९५७ साली दिले. शत्रू पाहून शस्त्र घडविले जात नाही. प्रत्येक लिंफोसाइट एकाच आकारास जुळणारा ग्राहक घेऊन जन्मते, आणि ज्या पेशीचा ग्राहक शत्रूला जुळेल तिचीच प्रजा वाढते. वाढलेल्या बी-पेशींपैकी काही प्लाझ्मा पेशी होऊन प्रतिपिंडे स्रवतात, ज्यांचे हे काम स्वीडनच्या आस्ट्रिड फाग्रेउस यांनी १९४८ सालीच दाखविले होते. काही मात्र स्मृतिपेशी होऊन वर्षानुवर्षे टिकतात, आणि हाफकिनच्या लशीपासून आजच्या लशींपर्यंत सर्वांची भिस्त या स्मृतीवर आहे. मोजक्या जनुकांतून इतके वैविध्य येते कोठून, हे कोडे तोनेगावा याने १९७६ साली सोडविले: लिंफोसाइट आपल्या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडते.

परंतु ही जोडणी यदृच्छेने होते, तेव्हा स्वतःच्याच देहावर उलटणाऱ्या पेशीही जन्माला येणारच. थायमसमधील तालीम मुख्यतः त्यांच्या निवडीसाठी असते, आणि ती इतकी कठोर असते की तेथे दाखल झालेल्या शंभर पेशींपैकी पाचही जिवंत बाहेर पडत नाहीत. बाहेर पडलेल्यांवरही पूर्ण विश्वास टाकलेला नाही. शरीराच्या या व्यवस्थेस लोक फौजेची उपमा देतात. मला ती जुन्या मामलेदार कचेरीसारखी वाटते, जेथे एका अंमलदाराच्या सहीने कोणताही हुकूम निघत नाही. टी-पेशीने शत्रूचा अंश ओळखला एवढ्याने ती चेतत नाही. तो अंश सादर करणाऱ्या पेशीकडून 'प्रसंग खरोखर संकटाचा आहे' असा दुसरा संकेत यावा लागतो, आणि तो न आल्यास ती पेशी निष्क्रिय होते. बहुतेक बी-पेशींनाही साहाय्यक टी-पेशीची मंजुरी लागते. शत्रूचा अंश ऊतीतून उचलून लसिकाग्रंथीत रुजू करणारी शाखायुक्त पेशी १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये राल्फ स्टाइनमन यांनी शोधली. २०११ चे नोबेल पारितोषिक त्यांस जाहीर झाले तेव्हा त्यांच्या निधनास तीन दिवस झाले होते आणि निवड समितीस त्याची वार्ताही नव्हती. पारितोषिक तरीही कायम ठेवण्यात आले.

साहाय्यक टी-पेशी या कचेरीचा कणा आहे, हे जगास एड्सने शिकविले. एचआयव्ही नेमक्या याच पेशीत शिरतो. निरोगी माणसात घनमिलिमीटरला पाचशेहून अधिक असणारा तिचा आकडा, ज्यास उपचारकेंद्रांत रोगीसुद्धा 'सीडी-फोर' म्हणून ओळखतात, दोनशेच्या खाली उतरला म्हणजे बी-पेशी, महाभक्षी पेशी, मारक टी-पेशी सारे हजर असूनही कामकाज ठप्प होते आणि क्षुल्लक जंतू जीव घेतात. मारक टी-पेशी विषाणूने बाधित झालेली आपलीच पेशी ओळखून मारते. तसे ओळखताना ती विषाणूचा अंश आणि स्वतःच्या देहाची खूण ही दोन्ही एकत्र पाहते, असे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७४ साली कॅनबेरा येथे सिद्ध केले. ही खूण लपवून बसणाऱ्या बाधित पेशींचा समाचार तिसऱ्या जातीची लिंफोसाइट घेते, जिला 'नॅचरल किलर' म्हणतात. निरोगी पेशीवरील खुणेने तिचा हात रोखून धरलेला असतो, आणि खूण नाहीशी झाली की तो मोकळा होतो.

आवर घालणाऱ्या पेशींची कथा मात्र अडखळत पुढे सरकली. १९७० च्या दशकात अशा पेशींचा गाजावाजा झाला, पुढील दशकात पुराव्याअभावी ती कल्पना जवळजवळ बहिष्कृत झाली, आणि १९९५ साली जपानच्या साकागुची यांनी तिचे निश्चित लक्षण दाखवून नियामक टी-पेशी पुन्हा प्रतिष्ठित केली. या पेशीचे नियंत्रण करणारे जनुक बिघडलेली बालके स्वतःच्याच आतड्यांवर, त्वचेवर आणि ग्रंथींवर झालेल्या हल्ल्याने आजारी पडतात. साकागुची, ब्रुंको आणि रॅम्सडेल यांस २०२५ चे नोबेल मिळाले ते या कामासाठी. दरम्यान ॲलिसन आणि होंजो यांनी टी-पेशीवर मुळातच बसविलेल्या लगामांचा शोध लावला होता. ते सैल केल्यास काही कर्करोग मागे हटतात, परंतु त्याच रोग्यास आतड्याचा किंवा थायरॉइडचा दाहही होऊ शकतो.

२०२० नंतर 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' असे सांगणारे काढे, चूर्णे आणि गोळ्या यांचा बाजारात जो सुकाळ झाला, त्याच्या विक्रेत्यांनी या गोष्टींचा कधी विचार केला असेल असे वाटत नाही. कोणती पेशी वाढवावयाची, हा साधा प्रश्नही त्यांस कोणी विचारला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, कोविडने गंभीर झालेल्या आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवलेल्या रोग्यांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी करणारे जे औषध निघाले ते डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकार दडपणारे स्टेरॉइड होते. पण लगाम घट्ट ओढण्याचाही दंड भरावा लागतो. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील रुग्णालये ज्या 'म्युकर'च्या रोग्यांनी भरली, त्यांपैकी पुष्कळांना मधुमेह होता आणि पुष्कळांनी स्टेरॉइड घेतलेले होते. त्या बुरशीस एरवी नाकातच थोपवून धरणाऱ्या न्यूट्रोफिल आणि महाभक्षी पेशी वाढलेल्या साखरेने व औषधाने दुबळ्या झाल्या होत्या, आणि कित्येकांना डोळा गमवावा लागला.

या ज्ञानाचा सर्वांत धाडसी उपयोग आज मुंबईतही होत आहे. पवईच्या आयआयटीत विकसित झालेल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने चाचणी झालेल्या 'नेक्सकार-१९' या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांत नवे जनुक घालतात, जेणेकरून बी-पेशींच्या कर्करोगावरील सीडी-१९ ही खूण त्यांना ओळखता यावी, आणि मग त्या पुन्हा त्याच्या रक्तात सोडतात. या पेशींना कर्करोगाची बी-पेशी आणि निरोगी बी-पेशी यांतील भेद कळत नाही. त्या दोघींनाही मारतात, म्हणून अशा काही रोग्यांना पुढे कित्येक महिने बाहेरून प्रतिपिंडे द्यावी लागतात. शिवाय सोडलेल्या पेशी एकाएकी चेतल्या तर त्यांनी स्रवलेल्या द्रव्यांमुळे तीव्र ताप येतो आणि रक्तदाब घसरतो, तेव्हा त्या द्रव्यांपैकी एकाचा मार्ग अडविणारे टोसिलिझुमॅब हे औषध, पेशी शिरेतून देण्याआधीच, रोग्याच्या नावाने मागवून ठेवण्याची पद्धत आहे.